मांडीवरून वर्गात : शिशुसंगीतशिक्षणातील मातेच्या स्थानाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

संगीतशिक्षणाचा इतिहास बहुधा गुरू, घराणी, विद्यालये आणि परीक्षा यांच्या आधारे लिहिला जातो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोर येथे स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालयासारख्या संस्था या इतिहासात साहजिकच केंद्रस्थानी येतात. परंतु मनुष्य आयुष्यातील पहिले गाणे ऐकतो ते आईच्या किंवा आजीच्या मांडीवर. या गाण्याला अभ्यासक्रम नसतो, परीक्षा नसते, आणि गाणारी स्त्री स्वतःला शिक्षिकाही म्हणवून घेत नाही. त्यामुळे शिक्षणाच्या इतिहासात तिची नोंद क्वचितच आढळते.

गेल्या पावणेदोनशे वर्षांत मात्र या मांडीवरच्या गाण्याला वर्गाचे रूप देण्याचे अनेक प्रयत्न झाले. तीन-चार महिन्यांच्या तान्ह्यापासून पाच-सहा वर्षांच्या बालकापर्यंतची मुले आपल्या मातांसह एकत्र येतात आणि एक शिक्षिका त्यांचा संगीतवर्ग चालविते, ही पद्धत आज अनेक देशांत रूढ आहे. या वर्गात मातेचे स्थान नेमके कोणते? ती मुलाला पोहोचविणारी सोबतीण आहे, शिक्षिकेची मदतनीस आहे, विद्यार्थिनी आहे, की गाण्याची मूळ धनी आहे? या प्रश्नाची जर्मनी, हंगेरी आणि जपान येथे मिळालेली उत्तरे तपासणे आणि त्यांच्या प्रकाशात आपल्याकडील परिस्थितीचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. फ्रोबेल : मातेसाठी लिहिलेला ग्रंथ

बालोद्यान या कल्पनेचे जनक फ्रीडरिश फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी १८३७ साली जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे आपली शिशुसंस्था सुरू केली व १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. स्वतः फ्रोबेल अवघे नऊ महिन्यांचे असताना त्यांची आई वारली होती. मातेच्या सहवासाला त्यांच्या विचारात जे असाधारण महत्त्व आले, त्याचा संबंध अनेक चरित्रकारांनी या घटनेशी जोडला आहे.

१८४४ साली फ्रोबेल यांनी माता व बालक यांच्यासाठी गीतांचा आणि खेळांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील गीतांना रोबेर्ट कोल यांनी चाली दिल्या होत्या. या ग्रंथाची रचना लक्षणीय आहे. मुलासाठी गीत, त्याला जोडून हाताबोटांचा एखादा खेळ, सोबत चित्र आणि मातेला उद्देशून केलेला बोध असे त्याचे स्वरूप आहे. म्हणजेच येथे मूल आणि माता असे दोन विद्यार्थी एकाच वेळी गृहीत धरलेले आहेत. माता सहजप्रवृत्तीने जे करते त्याचा अर्थ तिला समजावून द्यावा, म्हणजे ती तेच कार्य जाणीवपूर्वक करील, ही फ्रोबेल यांची भूमिका होती.

पुढील घटनाक्रमाने मात्र या भूमिकेला वेगळे वळण दिले. १८५१ साली प्रशियाच्या शासनाने बालोद्यानांवर बंदी घातली आणि ती १८६० पर्यंत टिकली. या काळात व त्यानंतर फ्रोबेल यांचे विचार शिष्यांमार्फत इतर देशांत पसरले, ते मुख्यतः शिक्षिका-प्रशिक्षणाच्या रूपाने. सुझन ब्लो यांनी १८९५ साली या ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत प्रसिद्ध केली, तेव्हा तो प्रशिक्षणवर्गांतील अभ्यासग्रंथ झालेला होता. मातांसाठी लिहिलेला ग्रंथ अशा रीतीने प्राधान्याने शिक्षिकांच्या हाती गेला. तेथील धर्मादाय बालोद्यानांतून मातांच्या सभा भरत असत हे खरे. परंतु त्या सभांत मातेकडे पाहण्याची दृष्टी बरीचशी सुधारकाची होती : तिला काय येते यापेक्षा तिला काय शिकवावयास हवे, याकडे लक्ष अधिक होते.

२. हंगेरी : लोकगीताचा मार्ग

विसाव्या शतकाच्या आरंभी झोल्टान कोदाय (१८८२–१९६७) आणि बेला बार्टोक या दोन हंगेरियन संगीतकारांनी खेडोपाडी फिरून लोकगीतांचे संकलन सुरू केले. कोदाय यांची पहिली संकलनयात्रा १९०५ सालची होय. या कार्यातून त्यांचा असा विश्वास बनला की, जसे बोलण्यासाठी मातृभाषा, तशी गाण्यासाठीही मुलाला एक सांगीतिक मातृभाषा असते, आणि ती लोकगीतांतून मिळते. बालगटातील संगीतासंबंधीच्या आपल्या १९४१ च्या निबंधात त्यांनी तीन ते सात या वयाचे महत्त्व विशद केले आणि शिशुवर्गांत शिरलेल्या कृत्रिम, निकृष्ट गीतांवर टीका केली. हंगेरियन लोकसंगीताच्या बृहत्कोशाचा १९५१ साली प्रसिद्ध झालेला पहिला खंड मुलांच्या खेळगीतांना वाहिलेला आहे, ही बाब या संदर्भात बोलकी आहे.

या परंपरेतील शिशुगीतांचे स्वरूप साधे आहे. आरंभीची गीते दोन-तीन स्वरांतच फिरतात. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर पंचमावरून शुद्ध गांधारावर उतरणारे छोटे अंतर हा त्यांचा पाया होय. पुढे ती हळूहळू पाच स्वरांपर्यंत विस्तारतात. गुडघ्यावर घेऊन झुलविण्याची, टाळ्यांची, बोटांच्या खेळाची अशी त्यांची वर्गवारी केली जाते. अंगाईपासून बडबडगीतांपर्यंतचा आपला ठेवा ज्यांना परिचित आहे, त्यांना ही वर्गवारी परकी वाटणार नाही.

संगीताचे शिक्षण मुलाच्या जन्मापूर्वी नऊ महिने सुरू व्हावे, नव्हे, ते त्याच्या आईच्या जन्मापूर्वी नऊ महिने सुरू व्हावे, अशा आशयाचे कोदाय यांचे उद्गार सर्वश्रुत आहेत. त्यात विनोद असला तरी इतिहासाचे एक मर्म आहे. मातेने गावे अशी अपेक्षा करावयाची तर तिच्या आईने तिच्यासाठी गायिलेले असले पाहिजे. ही साखळी एकदा तुटली की केवळ उपदेशाने ती जोडता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरीत स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीत आल्या, पाळणाघरे व बालगट वाढले, आणि साखळी जोडण्याचे काम प्रामुख्याने प्रशिक्षित शिक्षिकांकडे गेले. कातालिन फोराई (१९२६–२००४) यांनी बालगटातील संगीताची शिस्तबद्ध पद्धती सिद्ध केली. १९६७ साली तेथे दीर्घ मुदतीची बालसंगोपन रजा लागू झाली आणि लहान मुलांच्या माता पुन्हा घरी दिसू लागल्या. मात्र त्यांच्यापैकी अनेकींच्या कंठात मांडीवरची गाणी उरलेली नव्हती. या पार्श्वभूमीवर १९९० च्या दशकात इलोना ग्रोह यांच्या ‘रिंगातो’ या उपक्रमाने मूळ धरले. तीन वर्षांखालील मुले व त्यांच्या माता सांस्कृतिक केंद्रात किंवा ग्रंथालयात आठवड्यातून एकदा सुमारे अर्धा तास जमतात, आणि मूल आईच्या मांडीवर असतानाच वर्ग चालतो. ध्वनिमुद्रित संगीताऐवजी प्रत्यक्ष गायनावर भर असतो. वर्गात मुलाला गाणे यावे ही अपेक्षाच नसते. आईला ते यावे आणि तिने ते घरी गावे, हा वर्गाचा घोषित हेतू आहे. हंगेरीतील प्रवास अशा प्रकारे मातेकडून संस्थेकडे आणि संस्थेकडून पुन्हा मातेकडे झालेला दिसतो.

३. जपान : माता प्रथम विद्यार्थिनी

शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांचा जन्म नागोया येथे व्हायोलिन-निर्मात्याच्या घरी झाला. १९२० च्या दशकात त्यांनी बर्लिन येथे कार्ल क्लिंगलर यांच्याकडे अध्ययन केले. मायदेशी परतल्यावर त्यांना एका साध्या गोष्टीने विचारप्रवृत्त केले : जपानमधील प्रत्येक मूल जपानी भाषा अस्खलित बोलते. इतकी अवघड भाषा सर्व मुलांना येत असेल, तर संगीत काही थोड्या प्रतिभावंतांनाच येते असे का मानावे? श्रवण, पुनरावृत्ती, कौतुक आणि घरातील वातावरण यांच्या बळावर मूल भाषा शिकते. त्याच मार्गाने संगीत शिकविता येईल, हे त्यांच्या ‘मातृभाषा पद्धती’चे सूत्र होय. महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जपानमध्ये १९४६ साली मात्सुमोतो या गावी त्यांनी या कार्यास प्रारंभ केला. १९५५ साली टोकियो येथे हजाराहून अधिक मुलांनी एकत्र वादन केले आणि १९६४ साली त्यांचा बालवादकांचा चमू अमेरिकेत गेला. त्यानंतर ही पद्धती जगभर पोहोचली.

या पद्धतीत आरंभी मुलाच्या हाती वाद्य दिले जात नाही. प्रथम माता एक गत वाजवावयास शिकते. घरी त्याच रचनांची ध्वनिमुद्रणे रोज ऐकविली जातात आणि वर्गात मूल इतर मुलांचे वादन पाहते. आईच्या हातातील वाद्य आपल्याला मिळावे असा हट्ट मुलाने स्वतः धरला की त्याचे शिक्षण सुरू होते. पुढेही प्रत्येक पाठाला माता उपस्थित राहते, टिपणे घेते आणि घरी सराव करवून घेते. शिक्षक आठवड्यातून एकदा भेटतो, तर माता रोज असते. या व्यवहारी सत्यावर सुझुकी यांनी आपली सारी रचना उभारली.

या व्यवस्थेची मर्यादाही येथेच आहे. दुपारी मोकळा वेळ असणारी, घरी राहणारी आणि पतीच्या वेतनावर निर्धास्त असणारी गृहिणी हे तिचे गृहीत होते. युद्धोत्तर जपानी मध्यमवर्गात ते बऱ्याच अंशी खरे होते. कारखान्यात किंवा शेतात राबणाऱ्या मातेला ते लागू पडत नाही. शिवाय मुलाच्या प्रगतीची जबाबदारी एकट्या मातेवर आल्याने आनंदाची जागा काळजी घेऊ शकते. सुझुकी यांचा स्वतःचा भर मात्र वादक घडविण्यापेक्षा सुहृदय माणूस घडविण्यावर होता.

४. सामुदायिक वर्ग आणि अलीकडील संशोधन

१९८७ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे ‘म्युझिक टुगेदर’ या नावाने सुरू झालेल्या वर्गांनी पालकाचा प्रत्यक्ष सहभाग हा नियमच केला. हे वर्ग शुल्क घेऊन चालतात, त्यामुळे ते प्रामुख्याने सुस्थित कुटुंबांपर्यंत पोहोचतात. याउलट ऑस्ट्रेलियात २००१ साली सुरू झालेला ‘सिंग अँड ग्रो’ हा उपक्रम वंचित कुटुंबांतील माता व पाच वर्षांखालील मुले यांच्यासाठी दहा आठवड्यांचे वर्ग घेतो. ३५८ पालकांच्या सहभागावर आधारित व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पालकांची चिडचीड कमी झाल्याचे आणि मुलांच्या संवादकौशल्यात सुधारणा झाल्याचे नमूद आहे. या अभ्यासात तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता, हे ध्यानी ठेवले पाहिजे.

तुलनात्मक पुरावा २०१२ मधील कॅनडातील संशोधनात मिळतो. सुमारे सहा महिन्यांच्या बालकांचे दोन गट करण्यात आले. एका गटात पालक व बालके मिळून गात-वाजवीत होती. दुसऱ्या गटात पार्श्वभूमीला ध्वनिमुद्रित संगीत लावून मुले खेळत होती. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील बालकांत स्वररचनेची जाण लवकर दिसून आली. ती अधिक हसरी आणि सहज शांत होणारी आढळली. मातेच्या बाजूने पाहता, लंडन येथे प्रसूतिपश्चात नैराश्याची लक्षणे असणाऱ्या १३४ मातांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा आठवड्यांच्या सामूहिक गायनवर्गातील मध्यम ते तीव्र लक्षणांच्या माता इतरांपेक्षा लवकर सावरू लागल्या. सर्वसाधारणपणे मुलाच्या हितासाठी म्हणून चालविलेला वर्ग मातेच्याही आरोग्याचा आधार ठरू शकतो, हे यावरून ध्यानात येते.

५. मराठी संदर्भ

महाराष्ट्रात मातेचे गाणे जात्याशी बांधलेले होते. पहाटे दळताना, पुष्कळदा तान्हे मांडीशी घेऊन, स्त्रिया ओव्या गात. त्यात लेकराचे कौतुक, माहेरची ओढ आणि स्वतःचे दुःख एकत्र नांदत होते. साने गुरुजींनी या ओव्यांचे मोल ओळखून त्यांचे संकलन केले. पुढे गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. पिठाची गिरणी आली आणि स्त्रीचे कष्ट हलके झाले, ही निःसंशय इष्ट गोष्ट होती. पण जात्याबरोबर गाण्याची रोजची वेळही गेली, आणि तिची भरपाई कोणत्याही संस्थेने केली नाही.

शिशुशिक्षणाच्या क्षेत्रात मात्र आपल्याकडे एक मोलाचा प्रयोग झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे नेले. वंचित वस्त्यांतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि ‘अंगणवाडी’ ही संकल्पना साकारली. मुलाने संस्थेकडे जावे या नियमाऐवजी संस्थेने मातेच्या दाराशी यावे, हा येथील क्रांतिकारक विचार होय. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांतून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचविले. पण त्या योजनेत पोषण आणि लसीकरण यांना अग्रक्रम मिळाला. कुपोषणाचे प्रमाण पाहता ते आवश्यकच होते. परिणामी माता अंगणवाडीत येते ती मुख्यतः आहार घेण्यासाठी, वजन करण्यासाठी. तिला तेथे कोणी गावयास सांगत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) शिशुसंगीतवर्गाची गरज जेथे जेथे निर्माण झाली, तेथे घरातील गाण्याचा ऱ्हास हे एक महत्त्वाचे कारण होते. असा वर्ग हा मूलतः तुटलेली साखळी सांधण्याचा प्रयत्न आहे.

२) फ्रोबेल यांनी मातेला बोध दिला, सुझुकी यांनी तिला विद्यार्थिनी केले, तर हंगेरीने तिला तिचेच गाणे परत केले. यांपैकी तिसऱ्या मार्गाला साधने कमी लागतात. वाद्य, यंत्र वा शुल्क यांवाचून तो चालू शकतो.

३) वर्ग चालविणाऱ्या व्यक्तीने आधी मातांकडून ऐकावे आणि मग शिकवावे. वस्तीतील एखाद्या आजीला येणारी ओवी किंवा पाळणा हा त्या वर्गाचा पहिला पाठ ठरू शकतो. गाणे मोजकेच, पट्टी मातांना सोयीची आणि पुनरावृत्ती भरपूर असावी. बेसूर गाणाऱ्या मातेला वर्गात संकोच वाटता कामा नये.

४) महाविद्यालयातील संगीत, गृहविज्ञान, मराठी व समाजशास्त्र या विभागांना विस्तारकार्याच्या रूपाने जवळच्या अंगणवाडीत असा साप्ताहिक वर्ग चालविता येईल. संकलित ओव्यांचा प्रचंड साठा त्यासाठी उपलब्ध आहे. आज तो प्रामुख्याने अभ्यासकांच्या उपयोगात आहे, तो गाणाऱ्यांच्या उपयोगात यावयास हवा.

अशा वर्गाचे यश वर्गातील गायनावरून ठरविता येणार नाही. शिक्षिका निघून गेल्यावर, दिवेलागणीला, कोणाच्या घरून गाणे ऐकू येते यावरच ते ठरेल. संगीतशिक्षणाच्या इतिहासाने आजवर न नोंदविलेली ती गायिका पुन्हा गाऊ लागली, तर त्या इतिहासात एक नवे प्रकरण जोडावे लागेल.