रुमणे धरणारा शिक्षक

जव्हार-मोखाड्याच्या आदिवासीला शेती शिकवायला निघालेल्या माणसाने आधी आषाढातली तिथल्या घरची कणगी पाहावी. भात रोपून झालेले असते, नागली-वरईची लावणी डोंगरउतारावर चाललेली असते, आणि ज्या हातांनी हे सारे होते त्यांच्या घरातले धान्य संपलेले असते. या महिन्यांसाठी सावकाराकडून जे धान्य उचलायचे त्याला या मुलखात खावटी म्हणतात. सुगीला ते दीडपट, दुपटीने फेडायचे. फेडीत चांगले बियाणेही जायचे, आणि पुढच्या मृगात पेरायला पुन्हा सावकाराचाच उंबरा. मग अशा माणसाला सुधारित बियाण्यावर व्याख्यान देऊन काय साधणार?

‘आदिवासी अडाणी, म्हणून त्याची शेती मागास’ हा समज आपल्या शिकलेल्या वर्गात इतका मुरला आहे की चळवळीतले कार्यकर्तेही कधीकधी त्याच भाषेत बोलतात. इतिहास वेगळे सांगतो. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, झाडांच्या डहाळ्या पसरून राब जाळायचा आणि त्या भाजलेल्या जमिनीत रोपे वाढवायची, ही ठाणे जिल्ह्याची जुनी रीत. तणाचे बी जळते, राखेचे खत मिळते. इंग्रजी जंगलखात्याला यात फक्त झाडांची नासाडी दिसली. राबासाठी डहाळ्या तोडण्यावर बंधने आली, कुरबूर इतकी वाढली की १८८५ साली सरकारला ठाणे-कुलाब्यातील जंगलविषयक तक्रारींसाठी आयोग नेमावा लागला. म्हणजे शेतकऱ्याला ज्ञान नव्हते असे नव्हे. ज्ञान वापरायला लागणारे रान त्याच्या हातातून काढून घेतले होते.

त्याच्या तीनच वर्षे आधी, १८८२ साली, जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले होते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची त्यांची मागणी आपण भाषणांतून नेहमी सांगतो. पण त्याच निवेदनात खेड्यातल्या शाळेत मोडी, बाळबोध, हिशेब यांच्याबरोबर शेतीची प्राथमिक माहिती असावी, आणि शिक्षक शेतकरी वर्गातला, गरज पडली तर नांगराचे रुमणे किंवा सुताराची वाकस हाती धरायला न लाजणारा असावा, असेही आहे. त्याकडे आपले तितकेसे लक्ष गेलेले नाही. हाताने काम करणारा तो हलका आणि पोथी वाचणारा तो श्रेष्ठ, या वर्णव्यवस्थेच्या मुळावरच तो घाव होता. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी तोच विषय पुढे नेला.

जव्हार-मोखाड्यात हा शिक्षक कधी पोहोचला? दोन्ही तालुक्यांचा इतिहास इथे वेगळा आहे. जव्हार हे संस्थान. गादीवर मुकणे घराणे, महादेव कोळी. मोखाडा ही मात्र ब्रिटिश मुलखातली पेठा. राजा आदिवासी होता म्हणून रयतेची कणगी भरली नाही, आणि पलीकडे कलेक्टर होता म्हणूनही भरली नाही. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. अस्पृश्य आणि आदिवासी या दोघांच्या स्थितीची एकत्र चौकशी त्या समितीने केली आणि १९३० साली अहवाल दिला. १९३६ च्या आदेशाने डहाणू, उंबरगाव, मोखाडा हे ‘अंशतः वगळलेले’ प्रदेश ठरले. पुढे सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालाने अशा प्रदेशांतले कर्ज आणि वेठ सरकारी कागदावर आणली. लग्नासाठी घेतलेल्या रकमेपायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. अहवाल झाला, तरी वेठ हटली नाही. ती हटवायला १९४५ चे वारल्यांचे बंड लागले.

त्या बंडाकडे शिक्षणाचा प्रसंग म्हणून फारसे कोणी पाहत नाही. मला तो तसाच दिसतो. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये, ही मागणी. पौंड म्हणजे किती, काटा कुठे झुकतो, ५०० भरले की नाही, हे ज्याला कळले तो लुबाडला जाणे कठीण. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी पाड्यापाड्यांवर हेच काम केले. अंकगणिताचा याहून व्यावहारिक धडा कोणत्या क्रमिक पुस्तकात आहे?

दुसरा धडा त्याच जिल्ह्यातला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह काम कोसबाडला गेले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, ही ताराबाईंची कुरणशाळा. या दोघी आदिवासी नव्हत्या, आणि त्यांच्या कामात वरून खाली पाहणारी सुधारकी दृष्टी अजिबात नव्हती असे म्हणवत नाही. पण घरच्या कामाला शिक्षणाचा शत्रू न मानण्याची समज त्यांना होती. आश्रमशाळांनी नेमके उलटे केले. मूल पाड्यावरून उचलून वसतिगृहात ठेवले. त्याला दोन वेळचे जेवण मिळाले, अक्षर मिळाले, आणि हे लहान सांगणे नव्हे. पण आवणाची वेळ, रानभाज्यांची ओळख, बी राखण्याची पद्धत आईबापांकडेच राहिली.

सरकारने १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ काढले, १९७६ च्या कायद्याने एकाधिकार धान्यखरेदी आणि खावटी कर्ज हाती घेतले. सावकाराच्या वहीतला शब्द सरकारी ठरावात आला, आषाढ मात्र तोच राहिला. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्राला जाग आली म्हणतात. २०१६ साली मोखाड्याने तीच बातमी पुन्हा दिली.

जिथे काही रुजले ते वाडीमुळे. गुजरातेत वांसद्याला १९८२ साली बाएफने सुरू केलेली ही पद्धत पुढे जव्हारकडे आली. एकरभर वरकस जमिनीत आंबा-काजूची कलमे, कडेने जंगली झाडांचे कुंपण, मधल्या पट्ट्यात नेहमीची पिके. इथे खड्डा खणणाऱ्यालाच कलम बांधता येते, आणि शिकवण जमिनीच्या तुकड्यापासून सुटी होत नाही. स्थानिक भात, नागली, वरईच्या वाणांचे जतनही पुढे गावकऱ्यांबरोबर सुरू झाले, म्हणजे अडाणी ठरवलेल्यांकडूनच बी मागून घ्यावे लागले! अर्थात ज्याच्या नावावर जमीनच नाही त्या कातकऱ्याला वाडी कुठून? २००६ च्या वनहक्क कायद्याने दारे उघडली खरी, पण दावा लिहायला, नकाशा वाचायला, नामंजुरीवर अपील करायला शिकवणे हेही शेतीशिक्षणच आहे. ते कृषिखात्याच्या कोणत्याही अभ्यासक्रमात बसत नाही. कार्यकर्त्यांनाच करावे लागते.

आणि पाणी. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या डोंगरात एप्रिलमध्ये बाया हंडे घेऊन उतार उतरतात. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाड्यातल्या कोचाळे गावाजवळ आहे. दिवाळी झाली की याच तालुक्यांतली कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, मुलांसकट. भट्टीवर थापलेल्या विटा मोजायला यांतल्या किती मुलांना येते, हे शाळेच्या हजेरीपटावरून समजत नाही.