ट्रक कॅम्परची बांधणी आणि कारखाना-सेवा

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या उघड्या हौद्यात बसवता येणारे आणि गरजेनुसार उतरवून ठेवता येणारे फिरते निवासस्थान होय. त्यात झोपण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याच्या टाक्या, गॅसवर चालणारी उष्णतायंत्रणा आणि बहुधा स्वच्छतागृह असते. कॅम्परला स्वतःची चाके किंवा इंजिन नसते. चार कोपऱ्यांवरील जॅकच्या साहाय्याने तो उचलला जातो व त्याखाली ट्रक मागे घेऊन तो हौद्यात बसवला जातो. या वाहनप्रकाराचा वापर प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे होतो.

कॅम्परची निवड करताना खरेदीदाराचे लक्ष साधारणतः अंतर्गत मांडणी व सुविधांकडे जाते. त्याचे आयुष्य मात्र भिंतीच्या आतील सांगाडा, सांध्यांची जलरोधकता आणि बिघाड झाल्यास उत्पादकाकडून मिळणारी दुरुस्ती यांवर अवलंबून असते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी विक्रीच्या वेळी डोळ्यांना दिसत नाहीत, तर तिसरी गोष्ट खरेदीनंतरच अनुभवास येते. त्यामुळे बांधणीचा दर्जा आणि कारखान्याची सेवा यांचा विचार एकत्रितपणे केला जातो.

== पार्श्वभूमी ==

ट्रकवर बसवण्याच्या कॅम्परचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात झाला. अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेक यांनी १९६० साली जीएमसी ट्रकवर बसवलेल्या कॅम्परमधून देशभर प्रवास केला. 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे हा वाहनप्रकार सर्वपरिचित झाला. 'रोसिनांते' असे नाव दिलेले त्यांचे वाहन कॅलिफोर्नियातील सलीनास येथील नॅशनल स्टाइनबेक सेंटरमध्ये जतन केलेले आहे.

अमेरिकेतील निवासी वाहनांचे बहुतांश उत्पादन इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परिसरात होते. ट्रक कॅम्परचे अनेक नामवंत उत्पादक मात्र पश्चिमेकडे आहेत. लान्स कॅम्पर या कंपनीची स्थापना १९६५ साली कॅलिफोर्नियातील लँकेस्टर येथे झाली. 'आर्क्टिक फॉक्स' कॅम्पर बनवणारी नॉर्थवुड कंपनी ऑरेगन राज्यातील ला ग्रँड येथे, तर होस्ट ही कंपनी त्याच राज्यातील बेंड येथे आहे. नॉर्दर्न लाइट व बिगफूट हे उत्पादक कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील आहेत. या भौगोलिक विभागणीचा परिणाम पुढे सेवेच्या उपलब्धतेवर होतो.

== बांधणीच्या पद्धती ==

कॅम्परच्या भिंती व छत तयार करण्याच्या चार पद्धती रूढ आहेत.

'''लाकडी सांगाडा व ॲल्युमिनियमचा पत्रा''' : ही सर्वांत जुनी पद्धत असून तिचा खर्च कमी असतो. खराब झालेला पत्रा काढून आतील लाकूड बदलता येत असल्याने साध्या कार्यशाळेतही तिची दुरुस्ती शक्य असते. मात्र पत्र्याच्या जोडांतून पाणी शिरल्यास लाकूड कुजते.

'''दाबून चिकटवलेल्या भिंती''' : ॲल्युमिनियमचा सांगाडा, फोम, आतील व बाहेरील आवरण हे सर्व थर गोंदाने एकत्र चिकटवले जातात. अशी भिंत हलकी, गुळगुळीत व ताठ असते. बाहेरील फायबरग्लासच्या पातळ थरामागे प्लायवूड असल्यास ओलाव्यामुळे थर एकमेकांपासून सुटतात आणि भिंतीवर फुगवटे येतात. हे टाळण्यासाठी काही उत्पादक प्लायवूडऐवजी पाणी न शोषणारे संमिश्र पत्रे वापरतात. थर सुटलेली भिंत दुरुस्त करणे अवघड असून अनेकदा ती संपूर्ण बदलावी लागते.

'''साच्यातील फायबरग्लास''' : कॅम्परचे वरचे व खालचे असे दोन भाग साच्यात घडवून कमरेच्या उंचीवर जोडले जातात. नॉर्दर्न लाइट व बिगफूट या पद्धतीसाठी ओळखले जातात. छताच्या कडेला जोड नसल्याने गळतीची मुख्य जागाच नाहीशी होते. परंतु साचे महाग असल्याने नमुन्यांची संख्या मर्यादित राहते आणि किंमत वाढते.

'''घडीचे छत''' : प्रवासात छत खाली दाबलेले राहते व मुक्कामाच्या ठिकाणी ते उचलले जाते. वरच्या भागातील भिंती कापडी असतात. फोर व्हील कॅम्पर्सच्या अशा कॅम्परमध्ये ॲल्युमिनियमचा जोडकाम केलेला सांगाडा असतो. वजन व वाऱ्याचा अडथळा कमी झाला तरी थंडीपासूनचे संरक्षण घटते.

कोणतीही एक पद्धत सर्व बाबतींत श्रेष्ठ ठरत नाही. काळजीपूर्वक बांधलेला लाकडी सांगाड्याचा कॅम्पर अनेक दशके टिकू शकतो, तर महागड्या साहित्याचा कॅम्पर सांधे नीट न भरल्यास थोड्याच वर्षांत निकामी होतो.

== गळती व तिचे परिणाम ==

पाण्याची गळती हा ट्रक कॅम्परचा सर्वांत गंभीर दोष मानला जातो. छतावरील वायुवीजनाच्या खिडक्या, शिडीचे स्क्रू, कडेचे दिवे, खिडक्यांच्या चौकटी आणि भिंत व छत यांचा सांधा ही पाणी शिरण्याची नेहमीची ठिकाणे होत. चालककक्षावर पुढे झुकलेला बिछान्याचा भाग विशेष असुरक्षित असतो, कारण वेगाने धावताना वाऱ्याच्या दाबाने पावसाचे पाणी सांध्यांत ढकलले जाते. त्यातच ट्रकच्या हादऱ्यांमुळे सांध्यांवर सतत पीळ पडतो.

चौकटीखाली ब्यूटाइल रबराची पट्टी लावून वरून लवचीक सीलंट भरणे ही प्रचलित पद्धत आहे. सीलंट ऊन व थंडीने आकसते आणि त्याला तडे जातात. म्हणून ते ठरावीक काळाने तपासणे व नव्याने भरणे ही मालकाची जबाबदारी असते.

गळतीचा धोका केवळ सजावटीपुरता मर्यादित नसतो. उचलण्याचे जॅक कॅम्परच्या कोपऱ्यांतील सांगाड्यावर बसवलेले असतात. आतील लाकूड कुजले असल्यास जॅकचा आधार निखळून संपूर्ण कॅम्पर कोसळू शकतो. ट्रकला कॅम्पर बांधून ठेवणाऱ्या साखळदंडांच्या कड्याही सांगाड्यावरच जोडलेल्या असल्याने तेथील कमकुवतपणा प्रवासात घातक ठरतो.

== वजन ==

बांधणीचा दर्जा आणि वजन यांत ताण असतो. जाड फोम, दुहेरी काचा, मोठ्या टाक्या व बाजूला सरकणारे कप्पे यांमुळे सोय वाढते, तसा भारही वाढतो. सरकते कप्पे असलेल्या काही मोठ्या कॅम्परचे कोरडे वजनच १,८०० किलोग्रॅमपेक्षा अधिक असते.

माहितीपत्रकातील कोरड्या वजनात पाणी, गॅस, अन्न, कपडे व अनेकदा ऐच्छिक उपकरणे धरलेली नसतात. ४० अमेरिकन गॅलन पाण्याचे वजन सुमारे १५१ किलोग्रॅम भरते. ट्रकच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर प्रवासी व सामान मिळून किती वजन वाहता येईल हे नमूद केलेले असते. कॅम्परचे भरलेले वजन, प्रवासी व इतर सामान यांची बेरीज या मर्यादेत असावी लागते. कॅम्परचा गुरुत्वमध्य ट्रकच्या मागील आसाच्या किंचित पुढे येणेही आवश्यक असते. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार ट्रक व कॅम्पर या दोहोंच्या उत्पादकांनी भारासंबंधीची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक आहे.

== प्रमाणचिन्हांचा अर्थ ==

अमेरिकेतील निवासी वाहन उद्योग संघटनेचे चिन्ह अनेक कॅम्परच्या दाराजवळ आढळते. गॅस, नळकाम, विद्युतजोडणी व अग्निसुरक्षा यांविषयीच्या मानकांचे पालन केल्याचे ते द्योतक आहे. अग्निसुरक्षेसाठी एनएफपीए ११९२ हे मानक वापरले जाते. सांध्यांची सफाई, लाकूडकाम किंवा गळतीविरोधी टिकाऊपणा यांची ग्वाही हे चिन्ह देत नाही. सुरक्षेशी संबंधित दोष आढळल्यास राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या नियमांखाली उत्पादकाला मालकांना कळवून दोष विनामूल्य दूर करावा लागतो.

== कारखाना-सेवा ==

कॅम्परची दुरुस्ती तीन ठिकाणी होऊ शकते : अधिकृत विक्रेत्याकडे, स्वतंत्र कार्यशाळेत किंवा उत्पादकाच्या कारखान्यात. फ्रिज, शेगडी, पंप अशा उपकरणांची दुरुस्ती कोठेही शक्य असते, कारण ती अन्य कंपन्यांनी बनवलेली असतात व त्यांची वॉरंटीही वेगळी असते. भिंत, छत व सांगाडा यांच्या बाबतीत कारखान्याला स्पष्ट लाभ असतो. भिंतीतील तारा व नळ कोठून जातात हे तेथील कारागिरांना माहीत असते. मूळ साचे, रंग व आवरणाचे पत्रे तेथे उपलब्ध असतात, आणि अनुक्रमांकावरून त्या विशिष्ट कॅम्परच्या बांधणीचा तपशील काढता येतो.

कारखान्यात दुरुस्तीचा स्वतंत्र विभाग असण्याचा अप्रत्यक्ष फायदाही आहे. परत आलेल्या कॅम्परमधील दोष बांधणी करणाऱ्यांच्या नजरेस पडतात आणि पुढील उत्पादनात सुधारणा करता येते. दुरुस्ती पूर्णपणे विक्रेत्यांवर सोपवल्यास ही माहिती केवळ खर्चाच्या मागणीपत्रांतून पोहोचते.

कारखाना-सेवेची मुख्य मर्यादा म्हणजे अंतर. ला ग्रँड येथून फ्लोरिडा ४,००० किलोमीटरपेक्षा अधिक दूर आहे. वॉरंटीच्या काळातही कारखान्यापर्यंतच्या प्रवासाचा खर्च बहुधा मालकाला करावा लागतो. विक्रेत्याला वॉरंटीखालील कामापूर्वी उत्पादकाची मंजुरी घ्यावी लागते. अनेक विक्रेते स्वतः विकलेल्या वाहनांना अग्रक्रम देतात, त्यामुळे दूरच्या राज्यातून स्वस्तात घेतलेल्या कॅम्परची दुरुस्ती घराजवळ रखडू शकते. दुसरीकडे, ट्रक कॅम्पर जॅकवर उतरवून कारखान्यात ठेवता येतो आणि मालकाला ट्रक वापरता येतो. मोटरहोमच्या मालकाला ही सवलत नसते.

मालकी बदलाचाही सेवेवर परिणाम संभवतो. लान्स कंपनी २०१८ साली आरईव्ही ग्रुपने विकत घेतली. मोठ्या समूहाकडे भांडवल व विक्रेत्यांचे जाळे असते. लहान कंपनीत कारखान्याशी थेट संपर्क सोपा असतो, पण मंदीच्या काळात ती बंद पडण्याचा धोका अधिक असतो. मोठेपणा हेही पूर्ण संरक्षण नव्हे : एकेकाळी ट्रक कॅम्परही बनवणाऱ्या फ्लीटवुड एंटरप्रायझेस या मोठ्या कंपनीने २००९ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी बुडाल्यास तिची वॉरंटी प्रत्यक्षात निरुपयोगी ठरू शकते.

== वॉरंटी व कायदा ==

संपूर्ण कॅम्परसाठी सामान्यतः १ वर्षाची मर्यादित वॉरंटी दिली जाते. काही उत्पादक सांगाड्यासाठी त्याहून दीर्घ मुदत देतात. अनेक वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला लागू असतात व सीलंटची नियमित देखभाल ही त्यांची अट असते. देखभालीची नोंद नसल्यास गळतीचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

१९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार लेखी वॉरंटी 'पूर्ण' आहे की 'मर्यादित' हे स्पष्ट लिहावे लागते आणि तिचा मजकूर खरेदीपूर्वी वाचण्यास उपलब्ध ठेवावा लागतो. कॅलिफोर्नियाचा १९७० चा साँग-बेव्हर्ली कायदा याहून पुढे जातो. लेखी वॉरंटी देणाऱ्या उत्पादकाने माल जेथे विकला जातो त्या भागांजवळ पुरेशी दुरुस्तीसेवा उपलब्ध ठेवावी, अशी अपेक्षा तो करतो. सदोष वाहनांविषयीचे राज्यांचे कायदे एकसारखे नाहीत. त्यांपैकी अनेकांत निवासी भागाला संरक्षण नसते.

== खरेदीपूर्व मूल्यमापन ==

नव्या कॅम्परच्या बाबतीत पुढील बाबी तपासल्या जातात :

* ओट्याखालील व पलंगाखालील कप्प्यांतील तारा, नळ व लाकूडकाम. नजरेआड असलेल्या या भागांवरून कारखान्याच्या शिस्तीची कल्पना येते.
* छतावरील सांध्यांची संख्या व सीलंटचा सलगपणा.
* दाबचाचणी झाली आहे का. या चाचणीत पंख्याने आतील हवेचा दाब वाढवून बाहेरील सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे आले तेथे छिद्र असते.
* पंप, टाक्या व उष्णतायंत्रणा यांपर्यंत भिंत न फोडता हात पोहोचतो का.
* कारखाना थेट ग्राहकांची दुरुस्ती स्वीकारतो का, आणि त्यासाठी किती काळ थांबावे लागते.
* जुन्या नमुन्यांचे सुटे भाग किती वर्षांपर्यंत पुरवले जातात.

वापरलेल्या कॅम्परमध्ये आर्द्रतामापकाने कोपरे व बिछान्याचा पुढील भाग तपासणे, जमीन व भिंती दाबून मऊ जागा शोधणे आणि जॅकच्या आधारांभोवतीचे तडे पाहणे महत्त्वाचे असते. ताजे सीलंट किंवा नवा रंग हा चांगल्या देखभालीचा पुरावा असू शकतो, तसाच तो जुनी गळती झाकण्याचा प्रयत्नही असू शकतो. अशा वेळी दुरुस्तीची छायाचित्रे व कारखान्याची देयके पाहून निर्णय घेतला जातो. कारखाना अद्याप कार्यरत असल्यास अनुक्रमांक कळवून त्या कॅम्परच्या पूर्वीच्या दुरुस्त्यांची चौकशीही करता येते.