मिलिंद : भुंगा की राजा?

आज एका नावाबद्दल बोलू या. मिलिंद. महाराष्ट्रात हे नाव इतकं रुळलं आहे की त्याचा अर्थ विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. मिलिंद सोमण, मिलिंद गुणाजी, यादी करायला बसलो तर भाग संपेल. पण इकडे नोएडात एखाद्या मिलिंदची ओळख करून दिली की शेजारी विचारतात, "मतलब क्या हुआ?" ज्या शहराचं स्वतःचं नावच एका सरकारी प्राधिकरणाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून बनलं, तिथे हा प्रश्न यावा ही गंमतच. प्रश्न मात्र चांगला आहे.

नावांच्या पुस्तकांत उत्तर एका शब्दाचं: भुंगा. ते चूक नाही, संस्कृत काव्यात मिलिंद या अर्थाने येतो. पण अमरकोशातली भुंग्याची नावं पाहा: मधुव्रत, मधुकर, मधुप, द्विरेफ, भृंग, षट्पद, भ्रमर, अली. त्यांत मिलिंद नाही. दुसरा एक मिलिंद आहे, तो अमरकोशाच्याही कितीतरी आधीचा, आणि तो ग्रीक आहे.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पंजाब आणि गांधार भागावर मेनान्द्रोस या यवन राजाचं राज्य होतं. राजधानी सागल, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आजचं सियालकोट. त्याची चांदीची नाणी भरपूर सापडतात. एका बाजूला ग्रीक मजकूर, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत: महाराज, त्राता, मेनंद्र. 'त्राता' हे ग्रीक 'सोतेर'चं भाषांतर. म्हणजे नावाचा देशी अवतार राजाच्या स्वतःच्या टांकसाळीतच सुरू झाला होता. बाजौरमधल्या शिनकोटच्या अस्थिकरंडकावर तो 'मिनेद्र' होतो. पालीत येईपर्यंत न चा ल झाला, शेवटचा र गळला, आणि मिलिंद तयार. अलेक्झांड्रोसचा सिकंदर असाच झाला. सुरुवातीचं 'अल' अरबी उपपद समजून लोकांनी तोडलं. नोएडाच्या पुढे बुलंदशहर जिल्ह्यात सिकंदराबाद आहे, ते सिकंदर लोदीच्या नावाचं.

या दोन्ही ग्रीक नावांच्या शेवटी एकच शब्द आहे. 'अनेर' म्हणजे पुरुष, त्याची षष्ठी 'आन्द्रोस'. आपला 'नर' त्याचाच भाऊबंद. मेनान्द्रोसच्या पहिल्या भागाबद्दल मतं दोन. एक, 'मेनोस' म्हणजे जोम, आवेश. हा शब्द आपल्या 'मनस्'च्या कुळातला. म्हणजे फोड झाली मन अधिक नर. वेदांत 'नृमणस्' असं विशेषण येतं, तेच दोन तुकडे, फक्त क्रम उलटा. दुसरं मत, 'मेनो' म्हणजे टिकून राहणं. मग अर्थ होतो, समोरच्यांपुढे पाय रोवून उभा राहणारा. मी फौजी माणूस, मला हा अर्थ जवळचा. चढाई करणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात. मोर्चा धरून बसणं किती अवघड असतं, ते बसणाऱ्यालाच ठाऊक. प्लूटार्क लिहितो की मेनान्द्रोस छावणीतच वारला, आणि त्याच्या रक्षेवरून शहरांत तंटा लागला. शेवटी वाटण्या कराव्या लागल्या.

पण हे नाव जिवंत ठेवलं ते नाण्यांनी नव्हे, 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथाने. राजा भिक्खू नागसेनाला नाव विचारतो. नागसेन म्हणतो, लोक मला नागसेन म्हणतात, पण ते केवळ नाव. त्यामागे वेगळा कुणी सापडत नाही. राजा चक्रावतो. मग नागसेन विचारतो, महाराज चालत आलात की रथातून? रथातून. मग त्यातला रथ कोणता, आस, चाकं की दांडी? नावाचा अर्थ शोधायला निघालेल्याने इथे जरा दम खावा, असं हे ठिकाण आहे.

पुढे राजाला चर्चा चालू ठेवायची असते. नागसेन अट घालतो: पंडितासारखं बोलणार असाल तर बोलू, राजासारखं नाही. पंडित खोडला गेला तर रागावत नाही. राजा विरोध करणाऱ्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंद अट मान्य करतो. जिथे समोरच्याच्या खांद्यावरचे तारे पाहून बोलायचं असतं, तिथे उमेदीची वर्षं काढल्यावर या होकाराचं वजन कळतं. रणात ती शिस्त हवीच. चर्चेत ती आली की चर्चा संपली.

बाबासाहेब आंबेडकरांनी हाच राजा निवडला. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केलं. त्याला पुढे नाव मिळालं मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला, उत्तर देणाऱ्याचं जमिनीला. ज्यांच्या आजोबांना शाळेची पायरी बंद होती अशी मुलं तिथे पदवीधर झाली. अशा घरांत मिलिंद नाव ठेवलं जातं ते या राजाच्या आठवणीने. मात्र नाव तिथूनच सुरू झालं असं मानू नये. मुंबईचे क्रिकेटपटू मिलिंद रेगे १९४९ चे. एका घरात भुंगा, दुसऱ्या घरात राजा, आणि हजेरीला दोघंही 'हजर सर'.

"मग हे परकीय नाव झालं की," असं कुणी म्हणेल. त्याला मी लेण्यांत पाठवतो. जुन्नरला यवन इरिल, यवन चिट आणि यवन चंद यांची दानं कोरलेली आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत १७ क्रमांकाचं लेणं आहे. ते खोदवणारा उत्तरेकडचा योनक, राहणारा दत्तामित्रीचा. हे गावाचं नाव देमेत्रिओस या ग्रीक राजावरून आलं असं मानतात. दात्याचं स्वतःचं नाव मात्र इंद्राग्निदत्त. वडील धर्मदेव, मुलगा धर्मरक्षित. आईवडिलांच्या पुण्यासाठी त्याने लेणं, आत चैत्य आणि पाण्याची टाकी करवली. तीन पिढ्या, आणि त्यांत ग्रीक नाव एकही नाही.