पक्षाघातानंतरचा अनियंत्रित रक्तदाब

पक्षाघाताचा (लकवा, नांदेड-लातूरकडेही बोलीत ‘अंगावरून वारं जाणं’) झटका येऊन गेल्यावरही रक्तदाब सतत १४०/९०च्या वर राहणे. गुठळीने झालेल्या पक्षाघातात पहिले एक-दोन दिवस दाब सहसा घाईने उतरवत नाहीत. मेंदूत रक्तस्राव असेल तर मात्र लगेच उतरवतात. पुढे तो बहुतेकांत १३०/८०च्या खाली ठेवायचा असतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोग्रेस’ चाचणीत ६,१०५ रुग्ण होते. पेरिंडोप्रिल आणि गरजेनुसार इंडापामाइड ही दाबाची औषधे दिलेल्यांमध्ये पुन्हा होणारे पक्षाघात २८ टक्क्यांनी घटले. दोन्ही औषधे मिळालेल्या गटात ४३ टक्क्यांनी.

दाब आटोक्याबाहेर जाण्यामागे बहुधा सुटलेली गोळी असते. “बीपी नॉर्मल आलं, आता गोळी कशाला?” हा घरोघरचा प्रश्न; पण दाब नॉर्मल आलेला असतो तो गोळीमुळेच. नांदेडजवळच्या विष्णुपुरीचे किंवा लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किनवट, माहूर, देवणीच्या माणसाला लांब पडते. अ‍ॅम्लोडिपिनसारखी साधी गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू शकते, पण मुखेड-कंधारकडून ऊसतोडीला गेलेल्यांची तपासणी हंगामभर राहून जाते. शिवाय उजवा हात लुळा पडलेल्याला एका हाताने पाकिटातून गोळी काढता येत नाही. गोळी काढून देणारा नातू शाळेत गेला की सकाळची गोळी तशीच राहते. गिळताना ठसका लागतो म्हणून घरचे गोळी कुटून देतात, मात्र सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्यास औषध एकदम अंगात उतरते.

दुसरे कारण मीठ. प्रौढाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे छोट्या चमचाभराच्या आत, पुरते. भाजीतले मीठ कमी केले तरी ठेचा, लोणचे, खारातली मिरची ताटात असतेच. पापडखारातही सोडियम असते. लुळ्या बाजूचा खांदा दुखतो म्हणून घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके दाब वाढवतात, हे सहसा कोणी जोडून पाहत नाही. उन्हाळ्यात उलटा प्रकार घडतो: लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना घाम आणि जुलाब झाले की दाब एकदम उतरून चक्कर येते. तेव्हा गोळी कायमची बंद न करता डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी लागते.

दाब मोजताना पाच मिनिटे टेकून बसावे, पट्टा चांगल्या हाताला बांधावा. तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, हात गळणे दिसताच १०८ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत चालते, आणि ते देण्याआधी दाब १८५/११०च्या खाली आणावा लागतो.