कच्चे मडके (गोरोबाकाकांची परीक्षा)

वारकरी परंपरेतील एक परीक्षाकथा आणि तिच्यातून रूढ झालेली संज्ञा. ज्याच्यापाशी भक्ती आहे, पाठांतर आहे, कीर्तनाचा रंगही आहे, पण स्वतःची प्रचीती नाही, असा साधक म्हणजे कच्चे मडके. पुढे व्यवहारात हा शब्द कोणत्याही अननुभवी माणसाला लागला आणि त्याचा मूळ अर्थ पातळ झाला. मूळ अर्थ ज्ञानाविषयी आहे: माणसाला सत्य कळते ते कोणी सांगितले म्हणून, की त्याने ते आतून ओळखले म्हणून?

कथेची जागा तेर, ता. जि. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा). धाराशिव शहरापासून सुमारे 20 किमीवर, तेरणा नदीच्या काठी वसलेले हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगरहून भडोच बंदरात जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. इथल्या मातीतून निघालेली भांडी आणि मृण्मूर्ती गावातल्या लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात. संत गोरा कुंभार (गोरोबाकाका) यांच्या जन्माआधी हजार वर्षे इथे माती घडवली जात होती. त्यांची समाधी तेरणेकाठीच आहे आणि चैत्र वद्यात तिथे यात्रा भरते.

गोरोबांचा काळ परंपरेने 1267 ते 1317 असा मानला आहे. समकालीन संतांत ते सर्वांत वडील, म्हणून ‘काका’, असे सांगितले जाते. पण परंपरेच्याच तारखा धरल्या तर नामदेव (जन्म 1270) त्यांच्याहून तीनच वर्षांनी लहान, ज्ञानेश्वर (जन्म 1275) आठ वर्षांनी. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये समाधी घेतली, म्हणजे संतांचा हा मेळा जमला तेव्हा काका तिशीच्या आतले असणार. एक तर या तारखा ढोबळ आहेत, नाहीतर हे काकापण वयाचे नव्हते. प्रस्तुत लेखकाला दुसरा पर्याय अधिक पटतो, कारण कथेत काकांकडे जो अधिकार येतो तो त्यांच्या हातातल्या कामातून येतो.

महिपतींच्या ‘भक्तविजय’ (1762) या ग्रंथामुळे ही कथा घरोघर पोहोचली. निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सोपान, मुक्ताबाई, नामदेव अशी मंडळी गोरोबांच्या घरी जमली होती. जवळ पडलेले थापटणे पाहून मुक्ताबाईने हे काय, असे विचारले. मडके कच्चे की पक्के हे याने कळते, असे काकांनी सांगितले. मग आम्हीही मडकीच, आमची परीक्षा करा, असा तिने आग्रह धरला. अठरा वर्षांच्या आतली ही मुलगी कथेला गती देते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत गेले. सारे शांत बसले. नामदेव मात्र चिडले, कळवळले. आणि काकांनी हेच मडके कच्चे असा निवाडा दिला.

नामदेव दुखावले. पंढरीचा विठ्ठल त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचा नैवेद्य खातो, ही त्यांची ख्याती होती. ते तक्रार घेऊन पंढरपूरला गेले, तर देवानेही काकांचीच बाजू घेतली आणि गुरू करायला सांगून विसोबा खेचरांकडे पाठवले. औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. नामदेवांनी हरकत घेतली, तेव्हा जिथे शिव नसेल तिथे माझे पाय ठेव, असे विसोबा म्हणाले. नामदेव पाय उचलून जिथे ठेवायला जावेत तिथे पिंडी. मडके पक्के झाले ते या क्षणी.

या कथेवर निरूपणे पुष्कळ झाली आहेत, पण कुंभारकामाकडे त्यांत सहसा कोणी वळत नाही. चाकावरून उतरलेले मडके जाड असते. ते अर्धवट सुकले की कुंभार आतून दगडाचा किंवा भाजलेल्या मातीचा गोल गुंडा धरतो आणि बाहेरून लाकडी थापटण्याने हलके ठोके देत जातो. भिंत पातळ होते, बूड गोल होते, भांडे मोठे होते. थापटणे हे मुळात घडवण्याचे साधन आहे. आव्यात भाजून निघालेले मडके पारखायला बोटाचे पेर पुरते: पक्के खणखणते, तडकलेले बद्द वाजते. मग काकांनी थापटणेच का उचलले? त्याचा उपयोग होण्याजोगे मडके फक्त कच्चेच. म्हणजे नामदेवांना दिलेला ठोका अपमानाचा नव्हता. साऱ्या मंडळींत त्या ठोक्याचा लाभ व्हावा असे ते एकटेच होते.

पारख करताना कुंभार अनुमानाच्या पायऱ्या चढत बसत नाही. ठोका आणि निर्णय एकदमच होतात. तरीही तो निर्णय अंदाजपंचे नसतो. हजारो मडक्यांवरून फिरलेला हात त्याच्यामागे असतो. भारतीय दर्शनात अशा ओळखीला जुने नाव आहे: प्रातिभ ज्ञान. योगसूत्रांच्या विभूतिपादात ते येते, आणि भर्तृहरी ‘वाक्यपदीय’त प्रतिभेला प्राण्यांच्याही कृतीची वाट दाखवणारी शक्ती मानतो. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त याहून धीट पाऊल टाकले. शिवाने किंवा कृष्णाने सांगितले म्हणून आम्ही हे मानतो असे नाही, त्यांनी सांगितले नसते तरी ते असेच असते, असा त्यांचा आशय आहे. त्या काळात, तेही मराठीत, देवाच्या शब्दापेक्षा अनुभवाला वरचे आसन देणे ही लहान गोष्ट नव्हे. गुरुदेव रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातील संतांवरील 1933 च्या इंग्रजी ग्रंथात हीच बाजू तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडली: अंतःप्रज्ञा बुद्धी, भावना, इच्छा यांच्याविरुद्ध जात नाही, ती तिघींच्या मुळाशी असते.

युरोपात रुडॉल्फ श्टायनर (1861–1925) याने ‘स्वातंत्र्याचे तत्त्वज्ञान’ (1894) या जर्मन ग्रंथात विचाराच्या अशाच प्रत्यक्ष ओळखीवर नीतीची उभारणी केली. आज्ञेने किंवा रूढीने केलेली कृती त्याच्या मते स्वतंत्र नाही. तत्त्व स्वतः ओळखून, त्यावरील प्रेमापोटी केलेली कृतीच स्वतंत्र. त्यासाठी तो तीन गोष्टी मागतो: तत्त्वाची अंतःप्रज्ञा, ते प्रसंगात कसे उतरेल याची कल्पकता, आणि जगाचे नियम न मोडता ते उतरवण्याचे कौशल्य. तिसरी अट तेरच्या कुंभाराला समजावून सांगावी लागली नसती.

गोरोबांच्याच चरित्रातली दुसरी कथा मात्र इथे अडचण उभी करते. नामस्मरणात देहभान हरपून चिखल तुडवताना त्यांच्या पायाखाली त्यांचे स्वतःचे मूल तुडवले गेले. पुढे गोरोबांचे हात गेले, कीर्तनात ते परत आले, मूलही परत मिळाले, असा तिचा शेवट परंपरा सांगते. या कथेला भक्तीचे शिखर म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकाला ते मान्य करणे जड जाते. चिखलातल्या गोरोबांना पायाखालचे मूल कळले नाही. थापटणे हाती घेतलेल्या गोरोबांना समोरच्याच्या मनातला बारीक ताणही कळला. प्रातिभ ज्ञानाचा दाखला द्यायचा तर तो या जागेपणाचाच द्यावा लागेल.

नामदेवांचे पुढचे आयुष्य या संज्ञेचा भागच समजले पाहिजे. ते पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. 1338 मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम कोसळून संत चोखामेळा आणि त्यांच्यासोबतचे मजूर गाडले गेले, असे परंपरा सांगते. ज्याला देवळाची पायरी ओलांडू दिली नव्हती त्याच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधावी, असे कोणत्याही शास्त्राने नामदेवांना सांगितलेले नव्हते. ते मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात सगळ्यांची हाडे एकत्र झाली होती, तेव्हा ते एकेक हाड उचलून कानाशी धरत गेले, आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे म्हणून बाजूला ठेवत गेले.