पदवी घेऊन वेशीबाहेर

साल 1158. तुम्ही बोलोन्यात पोचला आहात. आल्प्सचे घाट उतरून आल्यामुळे पाय सुजलेत. तुम्ही जर्मन मुलखातले, वय विशीच्या आत, आणि तुम्हाला रोमन कायदा शिकायचा आहे. विद्यापीठाची इमारत शोधू नका, ती अजून बांधलेलीच नाही. गुरुजी स्वतःच्या घरात किंवा भाड्याच्या खोलीत शिकवतात आणि विद्यार्थी त्यांना पदरचे पैसे देतात. शिकवणं लॅटिनमध्ये चालतं, त्यामुळे इटालियन येत नसलं तरी तुमचं अडत नाही.

अडतं ते दुसरीकडेच. एक सावकार तुमची वाट अडवतो. तुमच्या मुलखातला कुणी एक माणूस त्याचे पैसे बुडवून पळाला आहे. तुम्ही त्याला कधी पाहिलेलंही नाही, पण सावकाराला त्याचं काय? देशबांधवाचं कर्ज देशबांधवाकडून वसूल करायची इथे रीतच आहे. तुमची पुस्तकं तो उचलून नेऊ शकतो.

नेमक्या याच गाऱ्हाण्यावर सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने काढलेला कायदा आता तुमच्या पाठीशी आहे. ‘ऑथेंटिका हबिता’ हे त्याचं नाव. ज्ञानासाठी परमुलखात निघालेल्याला संरक्षण मिळेल. दुसऱ्याच्या कर्जापायी त्याला कुणी धरणार नाही. त्याच्यावर खटला झालाच, तर तो आपल्या गुरूपुढे चालवायचा की बिशपपुढे, हे त्याने ठरवायचं. विद्यापीठांच्या इतिहासातला हा पहिल्या मोठ्या हक्कांपैकी एक, आणि तो मिळाला फिरत्या विद्यार्थ्याला.

आता सव्वाशेहून अधिक वर्षं पुढे या. साल 1291. परदेशी विद्यार्थ्यांनी आपापल्या मुलखांचे संघ केव्हाच बांधले आहेत. ते स्वतःचा रेक्टर निवडतात आणि उशिरा येणाऱ्या शिक्षकाला दंड करतात. याच वर्षी पोप चौथे निकोलस बोलोन्याच्या पदवीधरांना कुठेही शिकवण्याचा अधिकार देतात. तूलूझला तसाच अधिकार 1233 मध्ये मिळाला होता. तुमच्या हातात पदवी आहे आणि कागदावर सगळा ख्रिस्ती युरोप तुम्हाला मोकळा आहे. पण ऑक्सफर्डची पदवी घेऊन पॅरिसच्या दारात उभे राहा. पुन्हा परीक्षा द्या, असं तुम्हाला सांगतील. पोप असे अधिकार देत असले, तरी एक विद्यापीठ दुसऱ्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. ही गाठ पुढची सातशे वर्षं सुटणार नाही.

साल 1958, रोम. तुम्ही विद्यापीठाच्या कचेरीत रांगेत आहात. तुमच्या पुढे सोफिया कोर्राडी नावाची कायद्याची विद्यार्थिनी आहे. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि तिथून मास्टर्स पदवी घेऊन परतली. तिथला अभ्यास इथे धरावा, एवढीच तिची मागणी आहे. ती फेटाळली जाते, आणि तीही चारचौघांत तिचा पाणउतारा करून. तिचं शिक्षण कुठे कमी पडलं, हे सांगायची कुणावर सक्ती नाही. सिद्ध करायचं ते तिने.

सोफिया गप्प बसत नाही. इटलीतल्या कुलगुरूंच्या परिषदेची सल्लागार म्हणून ती 1969 मध्ये विद्यार्थी-देवाणघेवाणीचा प्रस्ताव लिहिते आणि वर्षानुवर्षं त्याचा पाठपुरावा करते. 1987 मध्ये ‘इरॅस्मस’ योजना सुरू होते. पहिल्या वर्षी 11 देशांतले 3,244 विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला जातात. परत आल्यावर त्यांचा अभ्यास मोजायचा कसा? त्यासाठी 1989 मध्ये क्रेडिटची युरोपीय पद्धत येते. पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे 60 क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे 25 ते 30 तासांचे कष्ट. तास, स्वाध्याय, प्रयोगशाळा, परीक्षेची तयारी, सगळं त्यात धरलं जातं.

11 एप्रिल 1997, लिस्बन. इथे थोडं थांबा, कारण सोफियाला जे हवं होतं ते इथे कागदावर उतरतं आहे. युरोप परिषद आणि युनेस्को यांच्या पुढाकाराने एक करार होतो. बाहेरची पदवी मान्य करायची. नाकारायची असेल तर तिच्यात आणि आपल्या पदवीत ठोस फरक आहे हे नाकारणाऱ्याने दाखवायचं. कारण सांगायचं. विद्यार्थ्याला अपील करता येईल. सिद्ध करण्याचं ओझं पहिल्यांदा कचेरीच्या खिडकीबाहेरून आत सरकलं.

19 जून 1999. तुम्ही पुन्हा बोलोन्यात आहात. वर्षभरापूर्वी फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ब्रिटन यांच्या मंत्र्यांनी पॅरिसच्या सोर्बोनमध्ये सुरुवात करून दिली होती. आज 29 देशांचे प्रतिनिधी सह्या करत आहेत. पदव्यांचे टप्पे समजतील असे आणि एकमेकांशी ताडून पाहता येतील असे असावेत, क्रेडिट असावेत, गुणवत्ता तपासताना देशांनी एकमेकांना सहकार्य करावं, असं ते ठरवतात. या जाहीरनाम्याला कायद्याचं बंधन नाही. तो उभा आहे एकमेकांवरच्या भरवशावर.

तरीही ऑक्टोबर 2009 मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात डोकावून पाहा. विद्यार्थ्यांनी ते ताब्यात घेतलं आहे. त्यांचा राग समजून घ्या. बोलोन्यात ठरलेले बदल राबवताना अनेक ठिकाणी जुना लांब अभ्यासक्रम छोट्या पदवीत कोंबला गेला, परीक्षा वाढल्या, आवडीचा विषय सवडीने वाचायला वेळ उरला नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं. शेराचं माप सगळीकडे एकच असावं, म्हणून सगळ्यांनी एकच धान्य पेरावं असं होत नाही. मोजमाप समान हवं, शिकवणं आपापलं हवं.

आता आपल्या घरी या. महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाच्या कचेरीत तुम्ही मायग्रेशन सर्टिफिकेट, एलिजिबिलिटी आणि ट्रान्सक्रिप्ट यांच्या खेपा घालत आहात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आणले. तुम्ही मिळवलेले क्रेडिट तिथे जमा राहतात आणि दुसऱ्या संस्थेत वापरता येतात. क्रेडिटच्या नव्या आराखड्यात वर्षाचे 40 क्रेडिट, म्हणजे 1200 तासांचे कष्ट. हे पाऊल मोलाचं आहे.

पण खात्यात जमा असलेले क्रेडिट समोरच्या विद्यापीठाने स्वीकारलेच नाहीत, तर त्या खात्याचा उपयोग काय? नागपूरहून पुण्याला किंवा कोल्हापूरहून मुंबईला जाणाऱ्या मुलीला ‘तुमचा अभ्यासक्रम जुळत नाही’ एवढ्या एका वाक्यावर परत पाठवलं, तर ती 1958 च्या रोममध्येच उभी आहे.

म्हणून आपल्या विद्यापीठांच्या अधिसभा, विद्यापरिषदा आणि कुलगुरूंकडे माझी मागणी आहे. लिस्बनचं तत्त्व घरात लागू करा. दुसऱ्या विद्यापीठाचे क्रेडिट मान्य, हा नियम असू द्या आणि नकार हा अपवाद. नकार द्यायचा असेल तर फरक कुठे आहे तो विद्यार्थ्याला लेखी द्या, ठरलेल्या मुदतीत द्या, आणि अपील ऐकणारी समिती नेमा. आणि विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळी कुणी नुसतं ‘नाही’ म्हणालं, तर खिडकीवरून हलू नका. कारण लेखी मागा.