बियांच्या खोलीतले जीवशास्त्र

जीवशास्त्राची ओळख करून देताना आपण शिक्षक बहुधा सूक्ष्मदर्शकापासून सुरुवात करतो. 1665 साली रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापात पाहिलेले कप्पे, त्यानंतर लेव्हेनहूकला पाण्याच्या थेंबात दिसलेले जीव, आणि मग पेशी. या क्रमात चूक काही नाही. पण त्यामुळे मुलांची एक समजूत होऊन बसते, की सजीवांचा अभ्यास उपकरण हाती आल्यावरच सुरू झाला. शाळेत सूक्ष्मदर्शक नसेल तर तो सुरूच व्हायचा नाही! या लेखात आम्ही दुसऱ्या टोकाकडून येणार आहोत. हाती असेल ती वालाची बी, आणि ठिकाण अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला अकोले तालुका.

हा तालुका पश्चिमेला सह्याद्रीला टेकलेला आहे. 1646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड ही सारी याच बाजूची. घाटघर, रतनवाडीकडे पावसाळ्यात कित्येक दिवस सूर्यदर्शन होत नाही. तिथून एस.टी.ने पूर्वेकडे निघावे, तर तास-दोन तासांत पाऊस पार विरळ होतो. जमीनही बदलते. उतारावरच्या हलक्या जमिनीत नागली आणि वरई, पाणी साठणाऱ्या खाचरात भात. भातातही हळवा आणि गरवा. जिथे पाणी लवकर आटते तिथे लवकर पिकणारा हळवा, जिथे ओल टिकते तिथे उशिरा पिकणारा गरवा. रायभोग, काळभात, जिरवेल, आंबेमोहोर अशी नावे या भागात ऐकू येतात.

हे सारे वाण कुणी तयार केले? कापणीआधी शेतातून फिरून चांगल्या लोंब्या बियाण्यासाठी बाजूला काढणाऱ्यांनी. हलक्या जमिनीवर उशिरा येणारे रोप पावसाअभावी पोचटच राहते, त्याचे बी पुढच्या वर्षाला उरत नाही. निसर्ग आणि माणूस या दोघांची निवड पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. चार्ल्स डार्विनने 1859 साली आपला उत्क्रांतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा पहिले प्रकरण दूरच्या बेटांवर लिहिले नाही. ते पाळीव प्राणी आणि लागवडीखालच्या वनस्पती यांच्यावर लिहिले. कबुतरे पाळणारे आणि बागकाम करणारे यांच्याकडून त्याने पुष्कळ माहिती मिळवली होती.

मेंडेलचीही गोष्ट अशीच. आपण वर्गात 3:1 हे प्रमाण शिकवतो आणि पुढे जातो. त्याआधीची दोन वर्षे पाठ्यपुस्तकात क्वचितच येतात. मेंडेलने बियाणे विक्रेत्यांकडून मटाराचे 34 वाण मागवले, दोन वर्षे ते नुसते लावून पाहिले, आणि ज्यांची संतती न बदलता तशीच येते असे 22 वाण प्रयोगासाठी ठेवले. म्हणजे त्याच्या संशोधनाची पहिली पायरी होती ती ‘बी खात्रीचे आहे का?’ ही. अकोल्यातली कोणतीही शेतकरीण बी ठेवताना हाच प्रश्न विचारते. पुढे मेंडेलने मोजणी केली, गणित मांडले आणि 1866 साली निबंध प्रसिद्ध केला, हा त्याचा मोठेपणा. पण खात्रीचे बी कुणीतरी आधी राखून ठेवले नसते, तर मोजायला काय होते?

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बियाण्याचे चित्र पालटले. 1966 साली आय.आर. 8 हा बुटका, भरघोस उत्पन्न देणारा भात प्रसारित झाला. त्यापाठोपाठ सुधारित आणि संकरित बियाणे गावोगाव पोहोचले. या दोन शब्दांत वर्गात नेहमी गल्लत होते. सुधारित वाणाचे बी शेतकरी घरी ठेवू शकतो. संकरित पिकाची पहिली पिढी एकसारखी येते, पण तिचे बी पेरले की मेंडेलच्याच नियमाने पुढच्या पिढीत गुण विखुरतात. म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. जुने ते सगळे चांगले, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. वाढत्या लोकसंख्येला नव्या वाणांनी जगवले. अडचण निराळीच होती. घराघरातले जुने बी पेरले जाईनासे झाले आणि संपले.

संपले तर काय बिघडते, याचे उत्तर भातानेच दिले आहे. 1970 च्या सुमारास तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणारा एक विषाणूजन्य खुजा रोग आशियातल्या नव्या भातांवर आला. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निवारा या रानटी भाताच्या एका नमुन्यात. तो गुण घेऊन 1976 साली आय.आर. 36 आला. ते बी कुणी जमवून ठेवले नसते, तर प्रयोगशाळेत बसून ते निर्माण करता आले नसते.

हे ओळखून मोठ्या प्रमाणावर बियाणे जमवणारा शास्त्रज्ञ म्हणजे रशियाचा निकोलाय वाविलोव. देशोदेशी हिंडून त्याने लेनिनग्राडला प्रचंड संग्रह उभा केला. 1940 साली त्याला अटक झाली आणि 1943 साली सारातोवच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. तिकडे लेनिनग्राडला जर्मन फौजांचा वेढा पडला होता. अन्नान्नदशा झालेल्या त्या शहरात संस्थेचे लोक धान्याच्या पिशव्यांची राखण करीत राहिले. भाताचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव भुकेने गेले. भाताची हजारो पाकिटे शाबूत होती.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आता महाराष्ट्राला ठाऊक आहे. महादेव कोळी समाजातल्या राहीबाईंना शाळेत जायला मिळाले नाही. परिसरातल्या भात, वाल, नागली, भाजीपाला यांचे गावठी बी त्यांनी जमवले, दरवर्षी लावले आणि इतरांना दिले. बाएफ या संस्थेची साथ मिळून त्यातून गावात बियाणे बँक उभी राहिली. 2018 साली बी.बी.सी.च्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले, 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. सत्काराच्या बातम्या सर्वांनी वाचल्या. त्यांच्या कामात जीवशास्त्र किती आहे, इकडे मात्र कमी लक्ष गेले, असे आम्हाला वाटते.

बी जिवंत असते. ते हळूहळू श्वसन करते, आणि ओल व उष्णता जितकी जास्त तितके ते लवकर मरते. ढोबळ नियम असा, की बीमधली आर्द्रता एका टक्क्याने किंवा तापमान 5 अंश सेल्सिअसने कमी केले, तर आयुष्य साधारण दुप्पट होते. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत बी वाळवून उणे 18 अंशांना ठेवतात ते यासाठीच. खेड्यात बी उन्हात खडखडीत वाळवून राखेत मिसळून ठेवतात. कोरडी राख ओल शोषते आणि किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते. मग किडा सुकून मरतो. तत्त्व दोन्हीकडे एकच. फरक इतकाच, की जनुकपेढीत बी कित्येक वर्षे झोपून राहते, आणि गावात ते दर एक-दोन वर्षांनी शेतात उतरते. म्हणजे बदलत्या पावसाची परीक्षा ते देत राहते.

शेतात उतरले की परागीभवन आले. भात बहुतांशी स्वपरागित, म्हणून दोन वाण शेजारी असले तरी सहसा भेसळ होत नाही. वालही बराचसा तसाच, पण त्याच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि थोडाफार संकर होतो. दुधी, भोपळा यांत नर आणि मादी फुले वेगळी. तिथे अंतर राखावे लागते, नाहीतर दोन-तीन वर्षांत मूळचा वाण ओळखू येत नाही.

राहता राहिला नावांचा प्रश्न. वाल आणि पावटा ही नावे दोन, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जाती एकच, लॅबलॅब पर्प्युरिअस. उलट घेवडा आणि श्रावणघेवडा ऐकायला भावंडे वाटतात, पण श्रावणघेवडा अमेरिकेतून आलेला, निराळ्याच प्रजातीतला. लिनियसने 1753 साली द्विनाम पद्धती वनस्पतींना सरसकट लावली ती असले घोटाळे टाळण्यासाठी. (गावांच्या नावांना अशी सोय नाही. राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोचे प्रादेशिक केंद्र विदर्भातल्या अकोला शहरात आहे, आपल्या अकोल्यात नव्हे!) मात्र द्विनाम जातीपाशी थांबते. त्याखालचे वाण कोणते, हे सांगायला गावातलेच नाव लागते.

आणि तिथे अजून बरेच काम पडून आहे. 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला आपला वाण नोंदवता येतो. त्यासाठी तो इतरांहून वेगळा, एकसारखा आणि टिकाऊ गुणांचा असल्याचे दाखवावे लागते. वेलीवर पहिले फूल कितव्या दिवशी आले, शेंगेची लांबी किती, शेंगेत बिया किती, बीचा रंग आणि शंभर बियांचे वजन किती. पट्टी, तराजू आणि वही यांवर हे मोजता येते. दोन गावांहून एकाच नावाच्या वालाच्या मूठमूठ बिया आणून मुलांना शाळेच्या कुंपणाशी लावायला सांगा. दोन्ही वेलींच्या शेंगा सारख्या येतील की वेगळ्या, हे लावून पाहिल्यावरच कळेल.